तीन सेंटिमीटर

४ फेब्रुवारी

दादा,

वर ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. अकरा वर्षांनी पत्र लिहायचं आणि सुरुवातीलाच पाया पडायचं, तर तुला वाटलं असतं की हिला काहीतरी हवंय. हवंच आहे, पण ते नंतर. फोन तू उचलत नाहीस. वहिनींना केला तर त्या म्हणतात, अंघोळीला गेलेत. तीन वेळा केला, तिन्ही वेळा तू अंघोळीला. एवढा स्वच्छ माणूस आपल्या घराण्यात दुसरा झाला नसेल. म्हणून पत्र.

तुझी ठकी इथे आहे.

पुन्हा वाच हवं तर. ती तुला सांगते तशी कुठल्याही बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. आमच्या प्रयोगशाळेत आहे, आमच्या विभागात, आणि सहा आठवडे झाले. तुला कळू द्यायचं नाही म्हणून तिने मला शपथ घातली होती, ती मी आज मोडतेय. नव्या लोकांना पहिल्या दिवशी यंत्र दाखवायला आणलं, तेव्हा मी वाकून नळीचे बोल्ट बघत होते. मागून कोणीतरी “आत्या” म्हणालं. हातातला पाना पायावर पडला. अंगठ्याचं नख अजून काळं आहे.

नाक तुझंच. आणि एका प्रश्नाचं उत्तर ऐकायच्या आत पुढचा विचारायची खोडही तुझीच.

तुला काही समजावून सांगायची गरज नाही, पण हे पत्र आधी वहिनी उघडणार हे मला ठाऊक आहे, तेव्हा थोडं त्यांच्यासाठी. वहिनी, आमचं यंत्र म्हणजे आतून पोकळ असं भलंमोठं कडं. त्यात प्लाझ्मा असतो, म्हणजे इतका तापलेला वायू की त्याला कुठलंच भांडं पुरत नाही. चुंबकांच्या जोरावर त्याला भिंतींपासून लांब, अधांतरी धरून ठेवायचं. तो आणखी तापावा म्हणून भिंतीवरच्या अँटेनातून रेडिओसारख्या लहरी सोडायच्या. अँटेना आणि प्लाझ्मा यांच्यात थोडी मोकळी जागा राहते, तिला आम्ही गॅप म्हणतो, आणि सगळी गोम तिथेच आहे. गॅप कमी पडली तर अँटेनाचं तोंड पोळतं. जास्त झाली तर लहरी प्लाझ्माला भिडतच नाहीत, आल्या पावली माघारी येतात, अँटेनाकडे लहरी नेणाऱ्या नळीत कोंडतात आणि ठिणगी पडते. ही गॅप कशी साधायची ते तुमच्या नवऱ्याच्या बोटांना माहीत होतं. आता तो पंख्याच्या मोटारी दुरुस्त करतो असं ऐकते.

तर दादा, मला हवंय ते हे. तिला परत बोलावून घे. आजारी आहेस म्हण, रागावलास म्हण, काहीही म्हण. का ते विचारू नकोस. काम धोक्याचं आहे एवढं पुरे.

तुझी भित्री भागूबाई
(अजून तशीच आहे. बावन्न वर्षांची झाले तरी.)


१७ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण रोज टपालाची पेटी उघडून बघते.

ठकी आता कंट्रोल रूममध्ये तुझ्या खुर्चीवर बसते. खुर्ची नवी आहे, जागा तीच. लहरी माघारी यायला लागल्या की नळीची जुळणी फिरवून त्या पुन्हा पुढे ढकलायच्या, हे तिचं काम. चांगलं करते. माझ्या तोंडून चांगलं निघत नाही हे तुला माहीत आहे, तरी म्हणते, चांगलं करते. तिला तिथे बसलेलं बघितलं की माझं हातातल्या कामात लक्ष राहत नाही. काल दोनदा चहा सांडला.

इथली गोष्ट ऐक. तुझी अँटेना जळली तेव्हाच्या चौकशीचा अहवाल आजही आमचा कायदा आहे. ‘नियम पाच सेंटिमीटरचा असताना चालकाने गॅप तीनवर आणली, म्हणून अँटेना जळाली. यापुढे सहाच्या खाली नेऊ नये.’ त्यातल्या पहिल्या वाक्यावर तुला घरी पाठवलं. त्या चौकशीत मला विचारलं होतं, गॅप किती होती? मी सांगितलं, तीन. ती तीनच होती. मी खोटं बोलले नाही, हे मी अकरा वर्षं रोज सकाळी स्वतःला सांगते. बाहेर आल्यावर तू मला जिन्यापाशी विचारलं होतंस, “एवढंच सांगायचं होतं तुला?” मी हो म्हणाले. त्यानंतर आपण बोललो नाही.

आता पॉवर दुप्पट केली आहे आणि गॅप सहावर. काय होणार? लहरी परत. ठिणगी पडली की नळीतला डोळा ती बघतो आणि निमिषात पॉवर तोडतो. (वहिनी, डोळा म्हणजे नळीला बसवलेली बटणाएवढी काच आणि तिच्यामागे उजेड ओळखणारा पुर्जा. ठिणगीचा उजेड दिसला की तो सगळं बंद करतो.) मंगळवारी तीस शॉट घेतले (यंत्र काही सेकंद पेटवणं म्हणजे एक शॉट), सव्वीस मध्येच तुटले. पुढच्या महिन्यात यंत्र चालू ठेवायचं की नाही ते ठरवणारी मंडळी बघायला येणार आहेत. मोठे साहेब, म्हणजे आमचे प्रमुख, येरझाऱ्या घालतात. काल ते ठकीला म्हणाले की डोळा फारच तिखट झालाय, जरा मवाळ करा.

ते ऐकून माझ्या पाचावर धारण बसली. नळीच्या तोंडाशी सिरॅमिकची चकती आहे, तुझ्या हातची. दुप्पट पॉवर, माघारी येणाऱ्या लहरी आणि अर्धा मिटलेला डोळा, यात ती तडकेल. तडकली की बाहेरची हवा आत घुसेल आणि यंत्र दोन वर्षं बंद. मग पुन्हा चौकशी. पुन्हा तेच टेबल, आणि खुर्चीवर कोण होतं ते विचारतील.

तिला बोलावून घे रे.

भागू


३ मार्च

दादा,

आज जेवणाच्या सुट्टीत तिने मला गाठलं. कँटीनमध्ये भिंतीकडचं टेबल, मी एकटी. तिने माझ्या कपाशेजारी एक कागद ठेवला. तुझ्या त्या शेवटच्या शॉटचा आलेख. कुठून काढला कोण जाणे, जुन्या टेप वाचणारं यंत्रसुद्धा भंगारात गेलंय. म्हणाली, रोज संध्याकाळी थोडं थोडं शोधत होते. इथे येण्याचं कारणच ते.

कागदावर दोन रेघा. एक माघारी येणाऱ्या पॉवरची, चढत गेलेली. दुसरी डोळ्याची, पट्टीने मारल्यासारखी सरळ. तिने दुसरीवर बोट ठेवलं. म्हणाली, प्रत्येक शॉटमध्ये प्लाझ्माचा थोडा तरी उजेड डोळ्यात जातो, रेघ थोडी तरी हलते. त्या दिवशीच्या पहिल्या नऊ शॉटमध्ये हलली आहे. शेवटच्या दोनमध्ये काहीच नाही. चार सेकंद नळीत जाळ होता आणि डोळ्याला काहीच दिसलं नाही.

मग तिने हळू आवाजात विचारलं, “आत्या, डोळा झाकलेला होता का?”

मी म्हणाले, वायर सैल झाली असेल. म्हणताना चहा प्यायले, तो इतका गरम होता की जीभ भाजली.

ती म्हणाली, “वायर सुटली तर शॉट सुरूच होत नाही. हे तूच शिकवलंस मला.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. मला वाटलं कँटीनमधल्या सगळ्यांनी माना वळवल्या. कोणी वळवली नव्हती. मी घड्याळ बघितलं, काम आहे म्हणाले आणि उठले. ती कागदाची घडी घालत तिथेच बसून राहिली. तिने माझ्यावर आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

तिने मला एक गोष्ट सांगितली, ती तुला सांगते. बाबा अजून हिशोब करतात, म्हणाली. जुन्या वहीत, तीन सेंटिमीटरला अँटेना का जळाली ते शोधतात. उत्तर येत नाही. मग वही मिटतात आणि मोटार उघडतात.

दादा, मला झोप नाही.

भागू


१० मार्च

दादा,

बस झालं. लिहून टाकते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहायची नाही.

तो दिवस आपल्या प्रयोगांसाठी यंत्र मिळण्याचा शेवटचा होता. तुझे नऊ शॉट तुटले होते. ठिणगी नव्हती, प्लाझ्माचाच उजेड डोळ्यात जात होता आणि डोळा बावळटासारखा पॉवर तोडत होता. तू चिडला नव्हतास, गप्प झाला होतास. तू गप्प झालास की मला लहानपणापासून धडकी भरते. मी दोन शॉटच्या मधल्या वेळात यंत्राच्या हॉलमध्ये गेले आणि डोळ्याच्या काचेवर काळी चिकटपट्टी लावली. दोन बोटं लांब.

अशी पट्टी आपण सगळेच लावायचो, हे तुला माहीत आहे. एका शॉटपुरती. उजेडाचा दोष आहे का ते बघायचं, वहीत नोंद करायची, पट्टी काढायची. मी नोंद केली नाही. केली असती तर परवानगी लागली असती आणि परवानगीत दिवस गेला असता. दहावा शॉट पूर्ण झाला. टाळ्या वाजल्या. तू खुर्चीतून वळून माझ्याकडे बघून हसलास. मला वाटलं, अजून एकच होऊ दे, मग काढते.

अकराव्यात खरी ठिणगी पडली. ठिणग्या कधीतरी पडतातच, तीनला काय आणि पाचला काय. डोळा उघडा असता तर काहीच झालं नसतं. पॉवर तुटली असती, तू शिव्या घातल्या असत्यास आणि बारावा घेतला असतास.

हॉल उघडल्यावर सगळ्यात आधी मी धावले. लोकांना वाटलं, भावाच्या अँटेनाच्या काळजीने. मी पट्टी काढून खिशात घातली. जळक्या वासात तू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालास, घाबरू नकोस, होतं असं.

मग त्यांनी मला गॅप किती ते विचारलं. पट्टीबद्दल कोणी विचारलंच नाही. मी वाट बघत होते की कोणीतरी विचारेल.

तुझे तीन सेंटिमीटर बरोबर होते. हिशोबात उत्तर येत नाही, कारण चूक हिशोबात नाहीच. वही बंद कर.

तुझा शॉट व्हावा म्हणून केलं. हे कारण आहे, माफी मागणं नाही. माफी मागायला तोंड लागतं.

आज मोठ्या साहेबांकडे गेले होते. सगळं सांगायचं ठरवून गेले. दारात उभी राहिले, त्यांनी मान वर केली, माझं ततपप झालं. मी दोन दिवसांची रजा मागितली आणि त्यांनी दिली. आता ती रजा घेऊन काय करू?

मला नोकरीची भीती नाही, तेवढी उरलीही नाही. मला ठकीच्या तोंडाची भीती वाटते. ती मला आत्या म्हणते ते थांबेल, याची.

भागू


१४ मार्च, दुपार

दादा,

अक्षर लागत नसेल तर रागावू नकोस. मांडीवर वही ठेवून लिहितेय. अँटेनाच्या मागे, नळ्यांच्या खाली, जिथे तू डबा खायचास तिथे.

रजा घेतलीच नाही. सकाळी सगळं लेखी लिहून मोठ्या साहेबांच्या हातात दिलं. पट्टी, तारीख, वेळ, सही. बोलता येत नाही तर नाही, लिहिता तर येतं. एक प्रत माझ्या खिशात आहे. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. मग कागद खणात ठेवला आणि म्हणाले, पाहुणे आलेत, शॉट होऊ द्या, सोमवारी बघू. मी म्हणाले, गॅप तरी तीनवर आणा. ते म्हणाले, अहवाल आहे तोवर सहा. डोळा? तो मवाळ केलाय. डोळा मवाळ करायचा हुकूम लेखी द्या असं ठकीने सांगितलं होतं, तर त्यांनी तिला खुर्ची सोडायला सांगितली. ती सोडली नाही. आपलं रक्त.

तेव्हा मी हॉलच्या दाराशी गेले.

वहिनी, तिथे एक फळी आहे, तिच्यावर आम्हा प्रत्येकाची एकेक किल्ली अडकवलेली असते. आत जाताना आपली किल्ली काढून खिशात घालायची. सगळ्या किल्ल्या फळीवर परत आल्याशिवाय यंत्राला वीजच जात नाही, कारण शॉटच्या वेळी इथे जी किरणं निघतात त्यात माणूस वाचत नाही. मी माझी किल्ली काढली आणि आत आले. म्हटलं, बाई आत आहे म्हटल्यावर तरी कागद वाचतील.

शॉटच्या आधी एक माणूस हॉलभर फिरून बघतो, कोणी राहिलं का ते. तो आला होता. दारातूनच डोकावला, “कोणी आहे का?” म्हणाला. मी ‘आहे’ म्हणणार होते. तोंड उघडलं, घशातून आवाज आला नाही. तो गेला. घाईत सगळे असेच असतात. मीही अशीच होते.

आता मला आठवतंय ते लिहिते. मोठ्या साहेबांकडे एक मास्टर किल्ली असते. कोणी आपली किल्ली खिशात घालून घरी गेलं तर तिच्या जागी लावायला. मी सकाळपासून रडवेली आहे हे सगळ्यांनी बघितलंय. बाई घरी गेल्या असतील, किल्ली विसरल्या असतील. मास्टर लावतील, नोंद नंतर करू म्हणतील. मी नाही का केली तशी? एका शॉटपुरती तर.

दार मोठं आहे, आतून उघडतं. जाता येईल. शॉट थांबवायचं लाल बटण समोरच्या खांबावर आहे, वीस पावलं. उठले की

सायरन सुरू झाला.

दादा सायरन वाजतोय. दोन मिनिटं वाजतो मग सुरू. बटणापर्यंत जायला हवं. मी ठरवून बसले नाहीये, पाय गळालेत, शूर वगैरे काही नाही, उठताच येत नाही. तुला हे कळावं म्हणून लिहितेय. हात चालतोय फक्त. गॅप बरोबर होती. तुझी गॅप बरोबर होती. तुझी


थांबला. किती वेळ झाला कळलं नाही. दार उघडलंय. पावलं वाजतायत, पळत येणारी.

ठकी आहे.

समोर बसली आहे. माझ्या खिशातला कागद तिने काढून वाचला, आता ही वही मागतेय. देते.


बाबा,

मी लिहितेय. सायरन सुरू झाला तेव्हा आत्याची पर्स टेबलावर दिसली. पर्स टाकून ती घरी जाणार नाही. मी तसं ओरडून सांगितलं, कोणी ऐकलं नाही. मास्टर एकाच किल्लीच्या जागी चालते, म्हणून मी जाऊन फळीवरून माझीही काढली. वीज तुटली.

मोठे साहेब दारात उभे आहेत. चिडलेत, पण आत यायचं तर त्यांनाही स्वतःची किल्ली काढावी लागेल, आणि पाहुणे बघतायत. आजचा शॉट होणार नाही. चौकशी पुन्हा उघडेल, तुम्हाला बोलावतील. रविवारी मी हे सगळं घेऊन घरी येतेय. बँकेबद्दल खोटं बोलले त्याचं तेव्हा काय ते बोला.

आत्या विचारतेय, काय लिहितेस. तिला वाचून दाखवणार नाही.

मी तिला माफ केलेलं नाही, बाबा. तुम्ही करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तिला उभं राहता येत नाही, म्हणून मी तिचा हात धरून बसले आहे.